टेबलावरची रेल्वे वेळापत्रकावर कशी चालवायची

मॉडेल रेल्वेचा लेआउट उभा राहिला, रूळ जोडले गेले, इंजिन धावायला लागलं की पहिले काही दिवस झकास जातात. मग गाडी तीच, वळण तेच, बोगदाही तोच. हात कंट्रोलरवर असतो आणि लक्ष भलतीकडेच. बरेच जण इथे आणखी एक इंजिन घेतात. माझं म्हणणं, आधी एक वही घ्या. आहेत त्याच दोन इंजिनांना आणि दहा-बारा वाघिणींना काम नेमून द्या.

वेळापत्रक म्हटलं की घड्याळाकडे बघत पळापळ करायची, अशी नवख्यांची समजूत असते. खरं तर वेळापत्रकाचा मोठा भाग थांबण्याचा असतो. समोरून पॅसेंजर येईपर्यंत मालगाडी लूपमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांना मुख्य लाईनला जोडलेल्या बाजूच्या रुळावर, उभी आहे, सिग्नलचा हात अजून आडवाच आहे, आणि ड्रायव्हर झालेला माणूस काही न करता तिच्याकडे बघतोय, हे एकदा अनुभवलं की नुसती गोल फिरणारी गाडी पुन्हा बघवत नाही.

आधी साल ठरवा

'वाफेचा जमाना' असं मोघम ठरवून भागत नाही. साल ठरवा, जमलं तर महिनाही. त्यावर इंजिनं आणि डब्यांचे रंग ठरतातच, पण गाड्या चालवायचे नियमही ठरतात, आणि आपल्याला खेळायचे आहेत ते नियमच.

रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात बऱ्याच ठिकाणी एक गाडी गेली की ठरावीक मिनिटांनी दुसरी सोडत. पुढची वाटेत अडकली असेल, तर मागच्या ड्रायव्हरला ते कळायला काही मार्ग नसे. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळ सहलीला निघालेली भरगच्च गाडी चढावर अडकली. तिचे दोन भाग केले, मागचे डबे उतारावरून घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा होऊन ब्लॉक पद्धत (पुढची गाडी टप्प्याबाहेर पडल्याशिवाय मागची आत सोडायची नाही), सांधे (गाडीचा रूळ बदलणारे) आणि सिग्नल यांचं इंटरलॉकिंग, म्हणजे एकमेकांशी न जुळल्यास न हलणारी जोडणी, आणि प्रवासी गाड्यांना सगळ्या डब्यांवर एकदम लागणारे सलग ब्रेक सक्तीचे झाले. एकेरी लाईनचंही असंच. १८७४ मध्ये इंग्लंडात नॉरिचजवळ थॉर्प इथे दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, आणि त्यानंतर एडवर्ड टायर यांनी विजेवर चालणारं टॅब्लेट यंत्र आणलं. टॅब्लेट म्हणजे ड्रायव्हरला परवाना म्हणून द्यायची चकती. एक टॅब्लेट बाहेर असताना त्या सेक्शनची, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या टप्प्याची, दुसरी निघतच नाही. अमेरिकेत गाडी वेगळ्या रस्त्याने गेली. १८५१ पासून तिथे तारेने हुकूम पाठवून गाड्यांच्या भेटीची जागा बदलता येऊ लागली, आणि वेळापत्रक अधिक तारेचा हुकूम ही जोडी विसाव्या शतकातही दीर्घकाळ चालली.

म्हणजे तुमचं साल १८७० असेल तर एक खेळ आणि १९३५ असेल तर दुसराच. साल मागेपुढे केलं की कामंही बदलतात. वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं. शेवटच्या स्टेशनावर ते सुटून, बाजूच्या लाईनने वळसा घालून गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागतं, कुठे टर्नटेबलवर फिरून तोंड बदलतं. दोन्ही टोकांना केबिन असलेली रेलकार नुसती उलटी निघते. नवख्याला रेलकार सोपी वाटते आणि ती आहेही, पण सोपेपणामुळेच करायला काही उरत नाही. पहिल्या वेळापत्रकासाठी मी वाफेचा काळच सुचवीन.

गाड्या येतात कुठून

रंगमंचाला विंग असते तशी लेआउटला न दिसणारी जागा हवी. टेकडीमागे, पडद्याआड किंवा फळीखाली तीन-चार समांतर रूळ पुरतात. उरलेलं सगळं जग म्हणजे हे यार्ड. गाडी तिथून येते आणि तिथेच परत जाते. पुढच्या उदाहरणात मी याला नुसतं 'पडदा' म्हणणार आहे.

पडद्यामागे किती रूळ आहेत हे वेळापत्रक लिहिण्याआधी मोजा. चार रूळ असतील तर तीन गाड्या ठेवा आणि एक रूळ रिकामा सोडा. चारही भरलेत आणि पाचवी गाडी आत यायला निघालीय, ही चूक कागदावर दिसत नाही, रात्री साडेदहाला दिसते.

प्रत्येक गाडीला कारण हवं

आता यादी करा. गाडीचं नाव, ती कुठून कुठे जाते, आणि का जाते. तिसरा रकाना सोडू नका. सकाळची पॅसेंजर कामगारांना बंदरावर नेते. मालगाडी रिकाम्या वाघिणी आणते आणि भरलेल्या नेते. टपालाचा डबा संध्याकाळच्या गाडीला लागतो, कारण रात्रीची मेल जंक्शनवर गाठायची असते. का, याचं उत्तर मिळालं की वेळ आपोआप सुचते. ज्या गाडीचं कारण सापडत नाही तिला कपाटात ठेवा, मग ती कितीही देखणी असो. आपल्या आवडत्या एक्सप्रेसला शाखामार्गावरून नेण्यासाठी सबबी शोधण्यात मी एक पूर्ण हिवाळा घालवला आहे, म्हणून सांगतो.

लहान लेआउटवर दिवसाला पाच-सहा गाड्या भरपूर होतात.

आणि फक्त एक फळी आणि तीन सायडिंग (वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ) असतील तर? वेळापत्रकाआधी शंटिंगचा, म्हणजे वाघिणी मागेपुढे करून हव्या तिथे लावायचा, हात बसवून घ्या. इंग्लंडात अॅलन राइट यांच्या छोट्या लेआउटमुळे प्रसिद्ध झालेलं एक कोडं आहे. एका सायडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन. एकूण आठ वाघिणींतून चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि चिठ्ठीच्या क्रमाने गाडी लावायची. आठातून पाच क्रमाने लावायचे ६,७२० प्रकार होतात, त्यामुळे तीच गाडी पुन्हा सहसा येत नाही.

स्टॉपवॉच घ्या आणि मोजा

इथे घाई करू नका. पुढचं सगळं या आकड्यांवर उभं राहतं.

पहिला आकडा वेगाचा. एचओ प्रमाण १:८७ असतं. त्यात गाडीने एक मीटर रूळ दहा सेकंदांत ओलांडला, तर तो खऱ्या गाडीचा ताशी ३१ किलोमीटर वेग झाला. १:१६० च्या एन प्रमाणात हेच दहा सेकंद ताशी ५८ किलोमीटरच्या जवळ जातात. बहुतेक नवखे एवढ्या जोरात चालवतात की मालगाडी विमानाशी शर्यत लावेल. रुळावर एक मीटरच्या दोन खुणा करा आणि हात बसेपर्यंत त्यांच्यामध्ये गाडी चालवा.

दुसरा आकडा प्रत्यक्ष प्रवासाचा. पडद्यातून पहिल्या स्टेशनात येऊन फलाटावर थांबेपर्यंत किती सेकंद लागले? सुटताना हळू, थांबताना हळू, हे धरूनच मोजा. तिसरा आकडा कामाचा. इंजिन सुटून, वळसा घालून दुसऱ्या टोकाला लागायला किती वेळ लागला? मालधक्क्यावरून एक वाघीण काढून दुसरी ठेवायला किती? प्रत्येक काम तीनदा करा आणि सगळ्यात जास्त लागलेला वेळ लिहा. सरासरी काढू नका. गडबडीच्या वेळी हुक लागत नाही, हा या छंदाचा नियमच आहे.

चौथा आकडा लूपचा. मोजपट्टी दोन सांध्यांच्या मध्ये धरू नका, फाउलिंग मार्कपासून फाउलिंग मार्कपर्यंत धरा, म्हणजे शेजारच्या लाईनवरून जाणाऱ्या गाडीला घासणार नाही अशा जागेपर्यंत. ९० सेंटिमीटरचा लूप असेल, इंजिन २५ सेंटिमीटर आणि वाघीण १५, तर चार वाघिणी मावतात, पाचवी नाही. शेवटी गार्डचा डबा, म्हणजे ब्रेक व्हॅन, लावायची तर वाघिणी तीनच. माझ्या पहिल्या वेळापत्रकात दोन मालगाड्यांची भेट एका लूपमध्ये ठरली होती आणि दोन्ही त्या लूपपेक्षा लांब होत्या. कागदावर काही अडलं नाही. टेबलावर दोघी एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि शेवटी हाताने उचलाव्या लागल्या.

घड्याळ किती पळवायचं

आपल्या स्टेशनांमधलं अंतर खऱ्याच्या मानाने हास्यास्पद असतं. एचओमध्ये खरा एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर रूळ, आणि एवढी भिंत कुणाकडे असते? म्हणून खऱ्या वेळेपेक्षा जोरात पळणारं घड्याळ वापरतात. चौपट वेगाने पूर्ण दिवस सहा तासांत संपतो, सहापटीने चार तासांत, बारापटीने दोन तासांत.

बारापटीचा मोह होतो. टाळा. प्रवास आखडता येतो, शंटिंग आखडता येत नाही. हुक लावायला, सांधा फिरवायला, हात पोचायला खरा वेळच लागतो. मालगाडीचं सात मिनिटांचं काम बारापटीच्या घड्याळावर जवळजवळ दीड तासाचं होतं आणि एक वाघीण ठेवण्यात सकाळ उलटते. ज्या लेआउटवर गाड्या नुसत्या धावतात तिथे मोठा पट चालतो. शंटिंग जास्त असेल तर तीन किंवा चार. घड्याळासाठी फोनवरचं ॲप पुरतं, फक्त ते सगळ्यांना दिसेल असं ठेवा.

आलेख काढा

आकड्यांच्या तक्त्यात टक्कर दिसत नाही, ती आलेखात दिसते. आडव्या रेषेवर वेळ मांडा, उभ्या रेषेवर स्टेशनं. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. गाडी थांबली की रेघ आडवी. दोन रेघा स्टेशनावर छेदल्या तर ते क्रॉसिंग. एकेरी लाईनवर त्या दोन स्टेशनांच्या मध्ये छेदल्या तर तो अपघात. पॅरिस-लियाँ मार्गाचा अशा रेघांचा आलेख एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये छापला गेला होता आणि रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातही हीच युक्ती चालते. आपल्याला चौकटीचा कागद, पेन्सिल आणि मुख्य म्हणजे खोडरबर पुरतं.

एक छोटी सकाळ मांडू. चौपट घड्याळ, एकेरी लाईन. पडद्यापासून 'फाटा' नावाचं लूप असलेलं स्टेशन, घड्याळाच्या ४ मिनिटांवर. तिथून शेवटचं 'बंदर', ५ मिनिटांवर.

१ नंबरची पॅसेंजर पडद्यातून ६:१० ला सुटते, फाट्याला ६:१४ ला येते, ६:१६ ला निघते, बंदरात ६:२१. इंजिनाला वळसा घालायला खरी तीन मिनिटं लागतात, म्हणजे घड्याळाची १२. ती ६:३३ ला तयार असते, पण परतीची २ नंबर म्हणून सुटते ६:४५ ला. मधली बारा मिनिटं मुद्दाम सोडलेली आहेत.

५१ नंबरची मालगाडी पडद्यातून ६:२५ ला निघते आणि ६:२९ ला फाट्याला पोचून शंटिंग सुरू करते. २ नंबर फाट्याला ६:५० ला येणार, म्हणून ६:४५ पर्यंत मालगाडी सगळ्या वाघिणींसकट लूपमध्ये आत हवी. पॅसेंजर ६:५२ ला सुटते आणि ६:५६ ला पडद्याआड जाते. मालगाडी ६:५७ ला उरलेलं काम पुन्हा हातात घेते, ७:१० ला फाटा सोडते आणि ७:१६ ला बंदरात शिरते. ती जड असल्यामुळे तिला एक मिनिट जास्त.

फाट्यावर ६:४५ पर्यंत घड्याळाची १६ मिनिटं म्हणजे आपली जेमतेम चार. तेवढ्यात एक वाघीण काढायची की दोन्ही उरकून घ्यायच्या? दुसरी हातात असताना पॅसेंजर आली तर ती स्टेशनात शिरण्याआधीच्या होम सिग्नलबाहेर उभी राहणार आणि बोल मालगाडीच्या गार्डला बसणार. सबंध सकाळीत गाड्या दोनच, तरी डोकं दहा गाड्यांएवढं लागतं.

आलेख जमला की एक तपासणी राहते. दिवस संपताना प्रत्येक इंजिन आणि प्रत्येक रेक (एकत्र जोडलेला डब्यांचा संच) सकाळी जिथून निघाला तिथे परत आला का? नसेल तर दुसऱ्या दिवशी ६:१० ची पॅसेंजर सोडायला डबेच नसतील. इंजिनांचा आणि रेकचा हा दिवसभराचा फेरा वेगळ्या कागदावर लिहा. रेल्वेतली माणसं याला लिंक म्हणतात.

आधी क्रम, घड्याळ नंतर

इथवर आलात तरी घड्याळ लगेच लावू नका. प्रत्येक हालचालीचं एक कार्ड करा: '१ नंबर, पडदा ते फाटा.' 'मालगाडी लूपमध्ये घ्या.' कार्डं क्रमाने लावा, एक काम झालं की ते मागे टाका. चहाला उठलात तरी काही बिघडत नाही, गाड्या जिथल्या तिथे थांबून राहतात. तीन-चार वेळा पूर्ण दिवस असा चालवला की कुठला सांधा दगा देतो आणि कुठली वाघीण रुळावरून उतरते ते कळतं. ती दुरुस्ती आधी करा. एकट्याने चालवणाऱ्यांपैकी कित्येक जण कायम कार्डांवरच राहतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

वाघिणींची बिल्टी

पॅसेंजर वेळापत्रकावर चालते, वाघीण मात्र मालावर चालते. प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड करा, त्यावर तिचा नंबर आणि प्रकार लिहा आणि खाली कागदाचा खिसा चिकटवा. खिशात बिल्टी, म्हणजे माल कुठून कुठे जायचा ते सांगणारी चिठ्ठी. तिच्या चार बाजूंना चार मुक्काम: पडद्यातून फाट्याचा मालधक्का, तिथून रिकामी बंदरात, बंदरातून भरून परत पडद्याकडे, चौथ्यात दुरुस्तीची लाईन किंवा आणखी काही. प्रत्येक सत्रानंतर बिल्टी फिरवून पुढची बाजू वर आणा. गार्ड झालेला माणूस कार्डांचा गठ्ठा हातात घेऊन गाडीबरोबर चालतो आणि कुठली वाघीण कुठे ठेवायची हे त्याला कुणाला विचारावं लागत नाही.

सुरुवातीला बिल्ट्या कमी ठेवा. सायडिंगमध्ये जितक्या वाघिणी मावतात त्याच्या निम्म्याच फिरत्या असाव्यात. काढलेली वाघीण ठेवायलाच जागा नसेल तर सगळं यार्ड कुलूपबंद होतं.

लाईन क्लिअर

दोन माणसं असली की नियम हवेत. सगळ्यात सोपा नियम टोकनचा: प्रत्येक सेक्शनसाठी एकच रंगीत किल्ली किंवा कडी. ती हातात असल्याशिवाय त्या सेक्शनमध्ये गाडी न्यायची नाही. विसरभोळ्यांनाही हे जमतं.

तिसरा माणूस आला की घंटी लावा. ब्रिटिश सिग्नल केबिनांमधले ठोके पाठ करायला सोपे आहेत. लक्ष वेधायला एक. एक्सप्रेससाठी लाईन मागायची तर चार, थांबत जाणाऱ्या पॅसेंजरसाठी तीन, थोडं थांबून एक. पुढच्याने तेच ठोके परत वाजवले की लाईन मिळाली. गाडी सेक्शनमध्ये शिरली की दोन, बाहेर पडली की दोन आणि एक. बोलायचं नाही, फक्त घंटी. खोलीतला आवाजच पालटतो.

माणसं चार-पाच असतील तर एकाला कंट्रोलर, म्हणजे कुठली गाडी आधी सोडायची ते ठरवणारा माणूस, करा. त्याने हातात गाडी घ्यायची नाही. नवख्या पाहुण्याला यार्ड देऊ नका, पॅसेंजर द्या. यार्ड सगळ्यात अवघड असतं आणि तिथे अडलं की सगळेच अडतात.

उशीर झाला तर

होणारच. घड्याळ मागे फिरवायचं नाही आणि गाडी जोरात पळवून वेळ भरून काढायची नाही. खऱ्या कंट्रोलरसमोर असतो तोच प्रश्न सोडवायचा: कुणाला थांबवायचं? साधारणपणे मालगाडी थांबते. पण मालगाडी लूपमध्ये मावत नसेल तर पॅसेंजरला मागच्या स्टेशनावर धरावं लागतं, आणि अशा वेळी कंट्रोलरला लोक काय काय म्हणतात ते लिहिण्याजोगं नसतं. गाडी रुळावरून उतरली तर घड्याळ थांबवा, उचलून ठेवा, पुन्हा सुरू करा. तेवढी सूट मी देतो, फार कडवे लोक तीही देत नाहीत.

प्रत्येक गाडीसमोर पोचल्याची खरी वेळ पेन्सिलीने लिहीत जा. तीन सत्रांत तीच गाडी तिथेच चार मिनिटं मागे पडत असेल, तर चूक चालवणाऱ्याची नाही, तुमच्या तक्त्याची आहे. तिथे रेघ खोडा आणि चार मिनिटं उजवीकडे सरकवून पुन्हा ओढा. तिच्यामुळे पुढच्या कुठल्या रेघा सरकतात ते बघा.

सत्र संपवायला मध्यरात्र गाठायची गरज नाही. कंटाळा आला, जेवायला बोलावलं, की घड्याळ थांबवायचं आणि वेळ लिहून ठेवायची. आमच्याकडे फळीला चिकटवलेली एक चिठ्ठी असते. आज तिच्यावर लिहिलंय: ७:१६, मालगाडी नुकती बंदरात, दोन वाघिणी धक्क्यावर लावायच्या राहिल्यात, टोकन अजून ड्रायव्हरच्या खिशात.